पहिली अप्रकाशित बालकादंबरी अर्धवट असताना ‘बाथ चिल्ड्रन्स नॉव्हेल अवॉर्ड’ला पाठवावी का?

दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी तुम्ही इंग्रजीत लिहीत असलेली कादंबरी निम्मी झाली आहे, पहिली तीन प्रकरणं जमली आहेत, म्हणून ती ब्रिटनमधल्या या स्पर्धेला आत्ताच पाठवावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. आधी कादंबरी पूर्ण करा.

सुरुवातीला तिथे पहिले 5,000 शब्द आणि एका पानाचा कथासारांश एवढंच मागतात, त्यामुळे तेवढ्यावर भागेल असं वाटतं. पण लाँगलिस्टमध्ये, म्हणजे पहिल्या चाळणीतून निवडलेल्यांच्या यादीत, आलेल्यांकडून संपूर्ण हस्तलिखित मागवतात. घाईत लिहिलेला उत्तरार्ध लगेच कळतो. शिवाय या टप्प्यावर वाचणाऱ्यांत खुद्द मुलं असतात. मोठा माणूस मधला सैल भाग सोसून पुढे वाचतो, मूल मात्र पुस्तक खाली ठेवतं. मला या स्पर्धेत सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

या वयोगटासाठी 30,000 ते 50,000 शब्द ठीक. मधलं आवडतं प्रकरण पाठवू नका, सुरुवातच पाठवा. बरोबर 5,000व्या शब्दाला वाक्य तोडण्यापेक्षा 4,700वर, उत्कंठेच्या जागी थांबा. वाचन निनावी असतं, म्हणून नाव पानाच्या वर, सारांशात किंवा फाइलच्या नावात राहिलं नाही ना, ते तपासा. फी आणि मुदत त्या वर्षीच्या नियमांतच बघा.

चांगल्या कादंबऱ्या सारांशात मार खातात. तो वर्तमानकाळात, तृतीय पुरुषात लिहा. मुख्य पात्राचं वय, त्याला काय हवंय, कोण आडवं येतं, दोन-तीन वळणं आणि शेवट. हो, शेवटसुद्धा! ‘मग मीराला रहस्य उलगडतं का?’ असं लिहिलंत तर परीक्षकाला कळत नाही की तुम्हाला कथा शेवटाला नेता येते की नाही. ‘विहीर बुजवणारा आपलाच काका आहे हे मीराला कळतं आणि ती पंचायतीत उभी राहून ते सांगते’ असं सरळ लिहा. उपकथानकं आणि दुय्यम पात्रांची नावं गाळा.

सुरुवातीच्या पानांत दोन चुका फार दिसतात. एक, सुट्टीला आजोळी जाण्याचं लांबलचक वर्णन आणि गोष्ट सुरू होते थेट बाराव्या पानावर. दुसरी, प्रत्येक मराठी शब्दाचा कंसात अर्थ. चुलीवर पुरणपोळी फुगताना दाखवलीत की ती काय आहे ते परदेशी मुलालाही कळतं.

भारतातली गोष्ट तिथे चालेल का, ही भीती सोडा. जसबिंदर बिलन यांच्या हिमालयात घडणाऱ्या ‘आशा अँड द स्पिरिट बर्ड’ने ‘टाइम्स’ हे वृत्तपत्र आणि चिकन हाउस ही बालसाहित्याची प्रकाशनसंस्था यांची अशीच हस्तलिखितांची स्पर्धा जिंकली होती. 2019 मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि तिला ब्रिटनमधला कोस्टा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला.

मराठीत लिहिलेलं हस्तलिखित बाथला चालत नाही. आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार प्रकाशित पुस्तकांसाठी असतो, तिथे हस्तलिखित पाठवू नका.

पाठवण्याआधी नात्यात नसलेल्या दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला पहिली वीस पानं मोठ्याने वाचून दाखवा. ते खिडकीबाहेर बघायला लागेल तिथे पेन्सिलने खूण करा. कात्री तिथेच लावायची.