लंडनला निघण्याआधी औंधला जाऊन ये

तुमच्या लंडनच्या सहलीच्या व्हिसा-तिकिटांचं कॉलेज बघतंय, त्यात तू डोकं घालू नकोस. त्यापेक्षा साताऱ्याहून एक दिवस काढून औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात प्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे, हो, आपल्या खटाव तालुक्यात! त्याच्यासमोर निवांत थांब, शक्य तेवढ्या बाजूंनी बघ, वहीत रेखाटन कर. मग लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात मूरची शिल्पं समोर आली की तुझ्याकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील. मला तरी हीच खरी तयारी वाटते.

टेट, नॅशनल गॅलरी, ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. म्हणून एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको गं. दोन दालनं बघ, बाहेर येऊन चहा घे, पुन्हा जा. फोटो नेटवरही मिळतात; चित्र प्रत्यक्षात केवढं आहे, रंगाचा थर किती जाड आहे, हे तिथंच कळतं. ते त्याच दिवशी लिहून ठेव.

शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरचं मात्र तिकीट काढच, तेही उभं राहून बघायचं. सगळ्यात स्वस्त आणि रंगमंचाला अगदी खेटून. त्या उभ्या जागेवर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट ने. प्रयोग अडीच-तीन तास चालू शकतो. नवे बूट घालू नकोस.