वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी बँडचे ध्वनिमुद्रण

प्रश्न : आम्ही पाच जण स्वतः चाली बांधून मराठी गाणी सादर करतो. गायिका, अकूस्टिक गिटार, हार्मोनियम, बेस गिटार आणि काहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात ते खोक्याच्या आकाराचे तालवाद्य) असा आमचा संच आहे. लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक व वाद्ये लॅपटॉपला जोडणारे उपकरण), बारकावे टिपणारा एक कंडेन्सर माइक आणि स्टेजवर वापरायचा एक डायनॅमिक माइक एवढेच साहित्य हाताशी आहे. पोळातल्या जुन्या घराच्या माडीवर आम्ही ध्वनिमुद्रण करून पाहिले. सगळे एकत्र वाजवले की काहोन बाकीच्यांना झाकून टाकतो, आणि एकेकाने वेगळे वाजवून जोडले की गाणे निर्जीव वाटते. आणखी माइक घ्यावेत का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : माइक घेण्याची घाई करू नये. आपल्या पत्रातले दुसरे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एकेकाने वेगळे वाजवलेले निर्जीव वाटते, कारण वादक एकमेकांकडे पाहून लय किंचित पुढे-मागे करतात, समेवर एकत्र येतात, आणि नेमके तेच त्या पद्धतीत हरवते. म्हणून गिटार, हार्मोनियम आणि काहोन ही तीन वाद्ये एकत्रच मुद्रित करावीत, आणि बेस व गायन नंतर त्यावर चढवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन इनपुटांत हे नीट बसते.

काहोन झाकून टाकतो, हा प्रश्न मुख्यतः बसण्याच्या जागांचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी असते, तरी चांगलीच जाणवते. बडोद्यातच जन्मलेले गायक आणि सूफी गुरू इनायत खाँ यांचे गायन १९०९ साली ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा विद्युत ध्वनिमुद्रण अजून आलेले नव्हते आणि एकाच कर्ण्यासमोर कोण किती जवळ बसतो यावरच सगळा तोल सांभाळला जाई. तोच विचार इथे उपयोगी पडेल.

गिटारवादक आणि हार्मोनियमवादक शेजारी शेजारी बसावेत आणि काहोनवादक त्यांच्यासमोर सुमारे दोन मीटरवर असावा, म्हणजे तिघांनाही एकमेकांचे चेहरे आणि हात दिसतील. कंडेन्सर माइक पहिल्या दोघांकडे तोंड करून ठेवावा. तो कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) असेल, तर पाठीमागचा आवाज सर्वांत कमी घेतो, म्हणून त्याची पाठ बरोबर काहोनकडे यायला हवी. गिटारपासून तो ३० ते ४० सेंटीमीटरवर असावा आणि त्याचा रोख गिटारच्या भोकाकडे न ठेवता मान जिथे गिटारच्या खोक्याला जोडलेली असते त्या भागाकडे ठेवावा. भोकासमोर ठेवला की खर्जाचा गोळा होतो. हार्मोनियम मुळात दणदणीत असल्यामुळे ती माइकपासून जवळजवळ मीटरभर दूर ठेवावी, आणि भात्याची करकर टाळण्यासाठी भात्याची बाजू माइकपासून वळवून घ्यावी. डायनॅमिक माइक काहोनच्या पुढच्या फळीसमोर, वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध, २० ते २५ सेंटीमीटरवर लावावा. तो फळीच्या वरच्या कडेकडे वळवला की थापेची तडतड वाढते आणि खाली नेला की घुमारा वाढतो. पाच मिनिटे वाजवून घ्यावे, ऐकावे, आणि इंटरफेसचे बटण फिरवण्याआधी माणसाची जागा हलवून पाहावी.

दोन माइकांमधले अंतर प्रत्येक माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर आहे त्याच्या निदान तिप्पट असावे, असा जुना नियम आहे. ध्वनीला ३४ सेंटीमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे एकच थाप दोन माइकांत वेगवेगळ्या क्षणी पोचते आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर आवाज पोकळ होऊ शकतो. मुद्रण झाल्यावर दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीत मिसळून, ऐकावेत, सॉफ्टवेअरमधून एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीचे धन-ऋण) उलटवून पाहावी आणि ज्या स्थितीत आवाज भरदार लागेल ती कायम ठेवावी.

वादकांना गाण्याचा आधार हवा, म्हणून आधी गायिका आणि हार्मोनियम यांचा एक कच्चा गाइड ट्रॅक करून घ्यावा आणि तो तिघांनाही बंद प्रकारच्या हेडफोनमध्ये ऐकवावा. त्यासाठी एक छोटा हेडफोन अँप्लिफायर लागेल; सध्या काही विकत घ्यायचेच असेल तर तेवढेच घ्यावे. अंतऱ्यात लय किंचित सैल होत असेल, तर संपूर्ण गाण्याला मेट्रोनोम (एकसारख्या लयीचे ठोके देणारे साधन) लावू नये. सुरुवातीला चार ठोके पुरेत. गायिकेने या वेळी खोलीतच उभे राहून आवाज न काढता ओठ हलवावेत आणि हाताने सम दाखवावी. वादनात जो जिवंतपणा उतरतो, तो अशा खुणांमधून उतरतो.

पातळी ठरवताना गाण्यातला सर्वांत जोरकस भाग वाजवून घ्यावा आणि मीटरवरचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावे; शून्य ही तिथली वरची मर्यादा. २४ बिटवर मुद्रण केल्यास कमी पातळीने काही बिघडत नाही. आवाज एकदा वरच्या मर्यादेला आदळून फाटला, तर मात्र तो पूर्ववत होत नाही.

बेस गिटार अँप्लिफायरशिवाय थेट इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये जोडून नंतर चढवावी. तेव्हा आणि गायनाच्या वेळीही इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग (लॅपटॉपमधून न फिरता आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय) चालू ठेवावे, म्हणजे स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आल्याने होणारा गोंधळ टळतो.

गायनासाठी कंडेन्सर माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर असावा. प, फ, भ यांचे फुत्कार अडवायला भरतकामाच्या रिंगवर ताणलेले पातळ कापड चालते. माइकच्या मागे रजई लावण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु कार्डिऑइड माइक समोरचे ऐकतो, आणि त्याच्या समोर असते ती गायिकेच्या पाठीमागची भिंत. रजई किंवा गोधडी तिथे, गायिकेच्या मागे टांगावी. फरक लगेच ऐकू येतो.

खोलीविषयी थोडेच सांगतो. फरशीवर सतरंजी आणि गाद्या अंथराव्यात, पुस्तकांचे कपाट असेल तर ते तसेच राहू द्यावे, आणि कोपऱ्यात कोणी बसू नये, कारण तिथे खर्ज साचतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. बाहेरचा आवाज थोपवायला वजन लागते आणि ते त्या पुठ्ठ्यात नसते. रस्त्यावरच्या हॉर्नवर आपला इलाज नाही, म्हणून पहाटेची वेळ धरावी आणि नवरात्रातल्या रात्री सोडूनच द्याव्यात. पंखा, कूलर आणि शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद ठेवावा लागेल. बडोद्याच्या उन्हाळ्यात पंख्याशिवाय तासभर वाजवणे कठीण जाते, हार्मोनियम आणि गिटार दोन्ही उतरल्यासारख्या वाटू लागतात, आणि म्हणून थंडीचे दिवस या कामाला उत्तम.

प्रश्न : माझ्या ध्वनिमुद्रणात सतत एक बारीक घूं असा आवाज येतो. इलेक्ट्रिक गिटार जोडली की तो वाढतो. मित्राने प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले आहे.
— एक वाचक, मकरपुरा, बडोदे

उत्तर : तसे मुळीच करू नये, अर्थिंग तोडल्यास विजेचा धक्का बसून जिवावर बेतू शकते. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे, आणि मग बॅटरीवरच काम करावे किंवा सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावीत. न थांबल्यास गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू वळावे. एका दिशेला आवाज कमी होत असेल, तर गिटारचे पिकअप (तारांखालची चुंबकीय वेटोळी) आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे क्षेत्र पकडत आहेत; त्याच दिशेला तोंड करून बसावे, ट्यूबलाइट व डिमर बंद करावेत आणि गिटारची केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. घरात अर्थिंगच नसेल, तर आधी वायरमनकडून ते करून घ्यावे.

प्रश्न : मुद्रण एमपी३ मध्ये साठवले तर चालेल का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : मित्रांना ऐकवायला चालेल, मूळ प्रत म्हणून नाही. मूळ ट्रॅक वेव्ह स्वरूपात ठेवावेत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याचे चार ट्रॅक पावणेदोनशे मेगाबाइटच्या आत मावतात. त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर त्याच दिवशी करून ठेवावी.