संवाद-तक्त्यावर ‘हवं’ की ‘पाहिजे’? आणि ‘नको’चं काय?

प्रश्न असा आला आहे: मुलुंडमधल्या एका विशेष शाळेत, तोंडाने बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांवर बोट ठेवून बोलायचा तक्ता मराठीत करायचा आहे. हाताशी इंग्रजी नमुना आहे. त्यातल्या ‘वॉन्ट’च्या चौकटीत ‘हवं’ लिहावं की ‘पाहिजे’? आणि ‘नो’साठी ‘नाही’ पुरेल का?

‘पाहिजे’ लिहा. आणि ‘नो’च्या एका चौकटीऐवजी दोन करा, ‘नको’ आणि ‘नाही’.

‘हवं’ हे विशेषणासारखं फिरतं. खाऊ हवा, पोळी हवी, पाणी हवं, आंबे हवेत, चिंचा हव्यात, बोरं हवीत. सहा रूपं झाली, आणि तक्त्यावर जागा एकाच चौकटीची. तक्ता बोलणाऱ्या टॅबवर असेल तर मूल ‘पोळी’वर बोट ठेवून ‘हवं’ दाबतं, टॅब ‘पोळी हवं’ म्हणतो आणि समोरचं कुणीतरी हसतं किंवा व्याकरण सुधारायला बसतं. पोळी राहते बाजूला. ‘पाहिजे’ला लिंगाची पर्वा नाही. अनेकवचनी ‘पाहिजेत’ आहे, पण मुंबईच्या बोलण्यात तो ‘त’ सर्रास गळतो आणि कुणाचं काही अडत नाही. ‘पाहणे’चं हे जुनं कर्मणी रूप आहे, ‘म्हणिजे’चं ‘म्हणजे’ झालं, त्याच घराण्यातलं. काहींना ‘पाहिजे’ जरा फर्मावल्यासारखं वाटतं, ‘हवंय’ मऊ वाटतं. वाटू द्या. एरवी मी घरात रुळलेल्या शब्दाच्या बाजूने असतो, पण इथे सहापैकी पाच वेळा चुकणारी चौकट देण्यात अर्थ नाही.

‘पाहिजे’चा खरा सापळा पुढे आहे. इंग्रजी ‘वॉन्ट’ वस्तूलाही चालतं आणि क्रियेलाही. मराठीत ‘मला जायला पाहिजे’ म्हटलं की इच्छा उरत नाही, कर्तव्य होतं. ‘जायला हवं’चंही तेच. इच्छेसाठी आपल्याकडे ‘जायचंय’, ‘खेळायचंय’, ‘झोपायचंय’ आहे. म्हणून ‘पाहिजे’ वस्तूंसाठी ठेवा आणि रोज लागणाऱ्या सहा-सात क्रिया ‘-चंय’सकट वेगळ्या चौकटींत द्या. ‘खायचंय’सुद्धा कर्माप्रमाणे बदलतं, पोळी खायचीय, आंबा खायचाय. पण कर्म न सांगता नुसतं ‘खायचंय’ पूर्ण आणि बिनचूक आहे, त्यामुळे तेच छापा. मुलाने ‘आंबा, खायचंय’ असं दाखवलं तर दुरुस्त करू नका. ‘आंबा खायचाय? हा घे,’ असं म्हणताना तुम्हीही त्याच दोन चौकटींवर बोट ठेवा. बरोबर रूप कानावर पडतं, बोलणं अडत नाही.

आता ‘नको’. हा शब्द इंग्रजीत एका शब्दात सापडत नाही, आणि मराठी तक्त्यावरची सगळ्यात मोलाची चौकट मी यालाच म्हणेन. (दख्खनी बोलीनेही तो मराठीकडूनच उचलला आहे, हैदराबादेत रोज ऐकू येतो.) ‘नाही’ वस्तुस्थिती नाकारतं: दुखत नाही, माझं नाही, झालं नाही. ‘नको’ समोरच्याला अडवतं: ते नको, असं नको, हात नको. ‘दुखतंय का?’ याला ‘नको’ हे उत्तर होत नाही आणि उचलून घेणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणून धड अडवता येत नाही. ज्यांना दुसऱ्याच्या हातून जेवावं लागतं, कपडे बदलून घ्यावे लागतात, व्यायाम करून घ्यावे लागतात, त्यांच्यासाठी ‘नको’ आणि ‘थांब’ पहिल्याच पानावर हवेत, आणि वहीची पानं असतील तर प्रत्येक पानावर त्याच जागी. सोबत ‘बास’ही द्या. भरवताना ‘नको’ म्हणजे हा पदार्थ आवडत नाही, ‘बास’ म्हणजे पोट भरलं. दोन्हींची गल्लत झाली की मूल उगाच ‘खायला कटकट करतं’ ठरतं. छापील ‘पुरे’पेक्षा ‘बास’ बरं, कारण घरात तेच कानावर पडतं. आणि मुलाने ‘नको’ दाखवलं की ते ऐकायचं. औषधासारखं टाळता न येणारं काही असेल तर निदान ‘कळलं, नकोय तुला’ एवढं म्हणून मग द्या. दहादा दाबूनही काही घडलं नाही तर ती चौकट मेली असं समजा.

मांडणीकडेही बघा, कारण नुसती लेबलं बदलून काम होत नाही. इंग्रजी तक्ते बहुधा फिट्झगेराल्ड पद्धतीने लावलेले असतात: डावीकडे माणसं, मग क्रिया, मग विशेषणं, उजवीकडे नामं. इंग्रजी वाक्य त्याच क्रमाने जातं. मराठीत क्रियापद शेवटी. ‘मला पाणी पाहिजे’ म्हणायला बोट डावीकडून थेट उजव्या टोकाला जातं आणि पुन्हा मागे येतं. हाताला कंप किंवा ताठरपणा असेल तर हा हेलपाटा महाग पडतो. नवीन तक्ता करत असाल तर रंग तेच ठेवा (माणसं पिवळी, क्रिया हिरव्या, विशेषणं निळी, नामं केशरी) आणि क्रियांचा रकाना उजव्या कडेला न्या. ‘पाहिजे’ आणि ‘नको’ दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात म्हणून एकाच रकान्यात बसतील, फक्त लगोलग लावू नका. बोट घसरलं तर नेमका उलटा अर्थ निघतो, मध्ये निदान एक चौकट जाऊ द्या. मूल इंग्रजी मांडणीचा तक्ता आधीपासून वापरत असेल तर मात्र चौकटी हलवू नका. हाताला जागा पाठ झालेल्या असतात. तिथे वाक्याच्या क्रमाचा आग्रह सोडावा.

‘मोअर’ही असंच फुटतं. भात वाढायला ‘अजून’, झोका पुन्हा द्यायला ‘परत’. दोन्ही द्या. ‘हंग्री’ला ‘भुकेला’ लिहिलेलं दिसतं, तसं कुणीच बोलत नाही. ‘भूक लागली’ ही अख्खी एक चौकट. ‘तहान लागली’, ‘शू लागली’ तशाच. ‘हॉट’चं ‘गरम’ चहापुरतं ठीक. माणसाला उकडतं, आणि मुंबईत मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात ‘उकडतंय’ आणि ‘पंखा लाव’ नसलेला तक्ता अपुराच.

आज्ञार्थी रूपं (दे, घे, चल, बघ, थांब) छोटी आणि लिंगनिरपेक्ष, म्हणून मुलांसाठी उत्तम. फक्त आईला ‘दे’ चालतं, बाईंना ‘द्या’ लागतं. निदान ‘द्या’ आणि ‘थांबा’ वेगळे असावेत. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या मोठ्या माणसासाठी तक्ता करताना तर ‘द्या’च मुख्य ठेवा, कारण त्यांचं अर्धं बोलणं नर्सशी किंवा मावशींशी असतं. त्यांना बालवाडीची चित्रंही देऊ नका.

बोलणारं ॲप वापरणार असाल तर आवाजाची भाषा तपासा. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ या ॲपमध्ये मराठीचा पर्याय आहे. इतरत्र पुष्कळदा लेबलं मराठी आणि आवाज हिंदी अशी जोडी निघते. मग ‘चमचा’तले दोन्ही च ‘चार’मधल्यासारखे ऐकू येतात, ‘ळ’ अडखळतो आणि ‘हवं’चं ‘हवम्’ होऊ शकतं. ‘पाहिजे’ इथेही सुखरूप सुटतं. लेबल आणि उच्चार वेगळे लिहायची सोय असेल तर लेबल तसंच ठेवून उच्चाराच्या रकान्यात अक्षरं बदलत, कानाला पटेपर्यंत ऐकून बघा. मुलगी वापरणार असेल तर ‘मी आलो’चं ‘मी आले’ करायला विसरू नका; तयार संचात बऱ्याचदा पुल्लिंगच भरलेलं असतं.