विश्वसनीयता, विश्वासार्हता आणि भरवशाची म्हैस

प्रश्न असा आलाय: मानसशास्त्राच्या लघुप्रबंधात 'समस्याग्रस्त व्यक्तिमत्त्व गुण मोजणाऱ्या प्रश्नावलीची विश्वासार्हता तपासली' असं लिहिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी 'विश्वासार्हता' खोडून 'विश्वसनीयता' केलं. अर्थ एकच असताना हा अट्टाहास कशासाठी?

व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर बाईंनी उगाच खोडलं. 'श्वस्' म्हणजे श्वास घेणं; ज्याच्यापाशी जीव धास्तावत नाही, मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. त्याच 'श्वस्'ला 'अनीय' लागून विश्वसनीय झालं, जसं करणीय, स्मरणीय. (म्हणून 'विश्वासनीय' चूक.) आणि विश्वासाला अर्ह, म्हणजे पात्र, तो विश्वासार्ह. 'विश्वासार्ह्यता' असंही सर्रास छापलं जातं, त्यातला 'य' कुठून उपटतो देव जाणे.

तरीही बाईंचं बरोबर आहे. मानसशास्त्र आणि बी.एड.च्या मराठी पुस्तकांत 'रिलायबिलिटी'साठी 'विश्वसनीयता' रुळला आहे. बातमी, पुढारी, साक्षीदार यांची विश्वासार्हता असू द्या. परिभाषेत समानार्थी शब्दांची हौस करू नये. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

खरी मेख पुढेच आहे. दोन्ही शब्दांत 'विश्वास' आहे आणि या संकल्पनेत तो फारसा नाही. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आठवा. रेडीची वाट बघत बसलो आणि झाला टोणगा. आता समजा त्या म्हशीला दर वेताला टोणगाच होतो. मालक कपाळाला हात लावेल, पण संख्याशास्त्राच्या लेखी ती म्हैस कमालीची विश्वसनीय! पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच येतं, एवढाच इथे विश्वसनीयतेचा अर्थ. जे मोजायचं होतं तेच मोजलं का, हा प्रश्न वेगळा. त्याला कुणी वैधता म्हणतं, कुणी सप्रमाणता, कुणी यथार्थता. मला यथार्थता आवडतो. वैधता म्हटलं की कोर्टाची पायरी आठवते.

उत्तरं देणारा खरं बोलतोय का, हाही विश्वसनीयतेचा प्रश्न नव्हे. १९४३ साली आलेल्या मिनेसोटाच्या व्यक्तिमत्त्व तपासणाऱ्या प्रसिद्ध प्रश्नावलीत, म्हणजे एमएमपीआयमध्ये, स्वतःला फार सोज्वळ दाखवणाऱ्यांना पकडायला १५ विधानांची वेगळी मापनी घातली आहे. तिला 'लाय स्केल' म्हणतात.

नुसतं 'विश्वसनीयता ०.८२' लिहिलंत तर बाई पुन्हा लाल रेघ मारतील, आणि मारावीच. कुठली विश्वसनीयता? तीच माणसं, तीच प्रश्नावली, महिनाभराने पुन्हा भरून घेतली, तर ती एक. एकाच वेळी भरलेल्या विधानांचा एकमेकांशी मेळ बसतो का, ही दुसरी. तिला अंतर्गत सुसंगती म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाखने १९५१ साली मांडलेला अल्फा हा आकडा या दुसरीचा. तो एका बैठकीत निघतो म्हणून लोकप्रिय. पण 'मला लोकांचा संशय येतो', 'लोकांवर माझा विश्वास बसत नाही', 'लोक दगा देतील असं वाटतं' अशी एकच गोष्ट तीनदा विचारली तरी अल्फा वाढतो. शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखं. स्वभाव म्हणजे टिकणारी चीज, आजची तब्येत नव्हे. त्यामुळे तुमच्या विषयात पहिलीशिवाय भागायचं नाही.

भाषांतरित प्रश्नावली असेल तर आणखी एक गंमत बघा. विधान आहे: 'मला राग आवरत नाही.' पर्याय: हो, नाही. आता मराठी माणूस काय बोलतो? 'हो, नाही आवरत.' किंवा 'नाही हो, नाहीच आवरत.' दोन्हींचा अर्थ एकच! आणि तिसरा म्हणतो, 'नाही, तसं काही नाही.' नुसत्या 'नाही'वर खूण असेल, तर माणूस दुसरा की तिसरा हे कळायला मार्ग नाही. तोच माणूस महिन्याने दुसऱ्या पर्यायावर खूण करतो, राग तेवढाच असतो, आणि आकडा घसरतो. दोष स्वभावाचा नाही, 'नाही'चा. 'माझा राग अनावर होतो' असं होकारार्थी लिहा. 'खरे-खोटे' हे पर्यायही जपून. त्रासदायक स्वभाव मोजणाऱ्या पीआयडी-५ या २२० विधानांच्या प्रश्नावलीत इंग्रजीत तसेच चार पर्याय आहेत, पण मराठीत 'अगदी खोटे' म्हटलं की भरणाऱ्याला कुणीतरी खोटारडं म्हटल्यासारखं वाटतं. 'मला लागू पडत नाही' बरं.

आता 'समस्याग्रस्त'. ग्रस्त म्हणजे गिळलेला: पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्जग्रस्त. पूरग्रस्त गावाला पुराने गिळलं. मग समस्याग्रस्त गुणाला समस्येने गिळलं का? इथे तर गुणच माणसाला आणि त्याच्या घरच्यांना छळतो. म्हणून 'त्रासदायक'. 'विकृत' मात्र नको. ती आता शिवी झाली आहे. 'गुण'ही अडचणीचा, कारण तो मार्कही होतो, आणि 'या गुणाला किती गुण' असली वाक्यं तुमच्या तक्त्यांखाली येणारच. एरवी 'वाण नाही पण गुण लागला' किंवा 'गुण उधळले' म्हणताना आपण त्रासदायक गुणांबद्दलच बोलत असतो, पण प्रबंधात 'स्वभाववैशिष्ट्य' घ्या. आणि 'व्यक्तिमत्त्व'मध्ये दोन त, हे तुम्ही बरोबर लिहिलंत, त्याबद्दल शाबासकी.

तर वाक्य असं करा: 'त्रासदायक स्वभाववैशिष्ट्ये मोजणाऱ्या प्रश्नावलीची फेरचाचणी-विश्वसनीयता आणि अंतर्गत सुसंगती तपासली.' फेरमोजणी, फेरपरीक्षा चालते तर फेरचाचणी का नको? बाई बहुधा खोडून 'पुनर्चाचणी' करतील. संस्कृत 'पुनर्'ला देशी 'चाचणी' चिकटवलेली मला खटकते, पण एवढ्यासाठी भांडू नका.