वडील मारायचे, आता माझाही हात मुलावर उठतो. हे थांबतं का?

थांबतं. मार खाल्लेले बहुतेक जण पुढे मारकुटे आईबाप होत नाहीत; ‘रक्तातच आहे’ ही पळवाट. राग आला की हात, एवढंच घरात शिकलेलं असतं. पोर किंचाळलं की जुनी भीतीही अंगात जागी होते. म्हणूनच ‘आता कध्धी मारणार नाही’ ही शपथ संध्याकाळी, दमलेल्या अंगाने गृहपाठ घेताना मोडते. आधी ती वेळ बदला, अभ्यास सकाळी घ्या. दात आवळले गेले की वाक्य अर्धवट सोडून खोलीबाहेर पडा. तान्हं असेल तर आधी पाळण्यात ठेवा, गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हात उठलाच तर त्याच दिवशी माफी, ‘पण तूच...’ न जोडता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मोफत बोलता येतं. घरात बाईलाही मार बसत असेल तर तिने आधी १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावावा.