मुलीचा ‘नसता प्रश्न’ आधी ऐकून घ्या

प्रश्न : मुलगी बडोद्यात टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. मध्ये एक वर्ष ड्रॉप घेऊन तिने नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता एम.एस्सी. करून विषाणूंवर संशोधन करायचं म्हणते. पहिल्या दोन वर्षांचे मार्क ६८ टक्के. मी पुन्हा नीटच्या क्लासची फी भरली आहे, पण ती जायला तयार नाही. रात्री बारापर्यंत कॅन्सरच्या विषाणूंचं वाचत बसते आणि नसते प्रश्न काढते, की हेला पेशींत (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी) विषाणूचा डीएनए आहे तर त्यातून विषाणू बाहेर का पडत नाही? शेवटी लॅपटॉप काढून घेतला. असल्या लॅबमध्ये उद्या तिलाच काही झालं तर? लग्नाचंही बघायचं आहे. एक खाजगी संस्था पंधरा दिवसांत सेल कल्चरचं, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवण्याचं, सर्टिफिकेट देते, ते करावं का? कृपया तिला समजवा.
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तिला काय समजवायचं ते तुम्ही सविस्तर लिहिलंत. तिला काय हवंय, ते मात्र तक्रारीच्या ओघात येऊन गेलं. सज्ञान मुलीला न विचारता तिच्या नावाने फी भरायची आणि ती ऐकत नाही म्हणून लॅपटॉप काढून घ्यायचा, हे मला तिच्या ६८ टक्क्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. लॅपटॉप आजच परत द्या. फी परत मिळते का ते क्लासला विचारा, आणि नाही मिळाली तर ते पैसे गेले असं समजा. त्यांच्यापायी तिचं आणखी एक वर्ष घालवू नका. मन नसताना तिसऱ्यांदा बसवलेल्या मुलीचा नीटचा स्कोअर सहसा वाढत नाही. टी.वाय.चे मार्क मात्र घसरतात, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाला तेच लागतात. तिने दोनदा प्रामाणिकपणे परीक्षा दिली. तो विषय आता तिने संपवला आहे, तुम्हीही संपवा.

आणि तो प्रश्न नसता नाही. पाठांतरावर पास होणाऱ्या मुलांना तो पडत नाही. एकदा तिच्याकडूनच त्याचं उत्तर ऐका. ते साधारण असं असेल. हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतल्या, आणि त्या आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढताहेत. त्यांत एचपीव्ही-१८ या, गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा डीएनए आहे हे खरं, पण तो धड नाही, म्हणून त्यातून अख्खा विषाणू बनत नाही. विषाणूचा मूळ जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण जनुकसंच, हा सुमारे ८,००० बेस-जोड्यांचा गोल डीएनए. हेलामध्ये हे वर्तुळ तुटून माणसाच्या गुणसूत्रात अडकलं आहे, आणि तुटताना त्यातलं ई-२ हे जनुक मोडलं. ई-२चं प्रथिन एरवी विषाणूच्याच ई-६ आणि ई-७ या जनुकांना आवरून धरतं. तो आवर सुटला की ई-६मुळे पेशीची वाढ रोखणारं पी-५३ हे प्रथिन नष्ट होत राहतं, ई-७ तसंच रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, आणि पेशीच्या विभाजनाला लगाम उरत नाही. बाहेरून ई-२ परत घातलं तर हेला पेशींची वाढ थांबते. इतक्या वर्षांनंतरही त्या पेशी या दोन जनुकांच्या जिवावर जगताहेत!

विषाणू बाहेर न पडण्याचं दुसरं कारण मला जास्त सुंदर वाटतं. हा विषाणू बारीक जखमेतून एपिथेलियमच्या, म्हणजे त्वचेच्या किंवा आतल्या अस्तराच्या, सर्वांत खालच्या थरात शिरतो आणि तिथे मोजक्या प्रती ठेवून गप्प राहतो. पेशी पक्व होत वर सरकतात तशी त्याची एकेक जनुकं जागी होतात. कवचाची एल-१ आणि एल-२ प्रथिनं अगदी वरच्या थरांत बनतात, आणि तयार विषाणू झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. फ्लास्कच्या तळाला एकेरी थरात चिकटलेल्या पेशींना वर सरकायला थरच नसतात.

तुमच्या भीतीचं उत्तरही यातच आहे. ‘विषाणूवर काम करणारा तो रोग घरी घेऊन येतो’ हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबून सांगावं लागेल. एचपीव्ही साध्या कल्चरमध्ये वाढतच नाही. त्याला वाढवायचं तर कोलॅजनच्या जेलमध्ये फायब्रोब्लास्ट (त्वचेखालच्या आधाराच्या पेशी) बसवायचे, वर केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी) पेरायचे आणि तो तुकडा जाळीवर उचलून असा ठेवायचा की खालून माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, मिळेल आणि वरून हवा लागेल. मग दोनेक आठवड्यांत त्वचेसारखे थर धरतात. एवढा खटाटोप थोड्याच लॅब करतात. बाकीचं बरंच काम प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर) घेतलेल्या एखाद्या जनुकावर चालतं, नाहीतर स्यूडोव्हायरसवर. त्याचं कवच एचपीव्हीचं, पण आत विषाणूच्या जीनोमऐवजी चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असतं. तो पेशीत शिरतो, पेशी चमकते, पण त्याची पुढची पिढी होत नाही. हर्पिस सिम्प्लेक्स किंवा अॅडिनोव्हायरस यांसारखे दुसरे विषाणू मात्र साध्या कल्चरमध्येही वाढतात. त्यांचं काम बीएसएल-२, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीच्या, लॅबमध्ये होतं: सेफ्टी कॅबिनेट, हातमोजे, आणि सगळा कचरा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक. धोका शून्य नसतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना बोटात टोचणं, हा तिथला खरा अपघात, आणि तो शिस्तीने टळतो. एचपीव्हीची लागण होते ती प्रामुख्याने लैंगिक संपर्कातून. लॅबकोटावर बसून तो दांडिया बाजारात येत नाही. काळजी वाटतच असेल तर डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची लस आपल्याकडे ९ ते २६ वयासाठी मंजूर आहे. लग्नाचा मुद्दा या विषयाला जोडून तिच्यापुढे कधी काढू नका.

परीक्षा तिला माहीत असतीलच: एम.एस्सी.च्या प्रवेशाला गॅट-बी आणि जॅम, पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट. पैशांचंही स्पष्ट सांगायला हवं. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा. त्या काळात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. स्थिर नोकरी तिशीच्या आसपास. हे मान्य नसेल तर आत्ताच बोला, पण धमकी म्हणून नको.

पंधरा दिवसांच्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. द्रवरूप नायट्रोजनमधून काढलेल्या पेशी नीट वाढीला लागायलाच आठवडा जातो, मग शिकायला उरतं काय? तिने चार गोष्टी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा केलेल्या हव्यात: पेशी वितळवणं, फ्लास्क बदलणं, मोजणं, गोठवणं. वितळवायचं ३७ अंशांवर झटपट, गोठवायचं १० टक्के डीएमएसओत (पेशींना गोठताना जपणारं रसायन) सावकाश, मिनिटाला साधारण १ अंशाने. उलट केलं तर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. नवखी मुलं ट्रिप्सिन (चिकटलेल्या पेशी सोडवणारं विकर) घालण्याआधी पीबीएस या क्षारद्रावणाने धुवायला विसरतात. माध्यमातलं उरलेलं सीरम ट्रिप्सिनला अडवतं, पेशी सुटत नाहीत, मग फ्लास्क पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवतात आणि सुटलेल्यांतल्या अर्ध्या मेलेल्या निघतात. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा पेशींना झालेला संसर्ग तर दिसतही नाही. माध्यम गढूळ होत नाही, आणि त्याला पेशीभित्ती नसल्याने पेनिसिलिन चालत नाही. पेशी सुस्तावतात, प्रयोगाचे आकडे हलत राहतात. म्हणून चांगली लॅब ठरावीक काळाने पीसीआर चाचणी करून बघते. कुठेही पैसे भरण्याआधी तिने एवढंच विचारावं, ‘तुमच्या पेशींची मायकोप्लाझ्मा तपासणी शेवटची कधी झाली?’ उत्तर देता आलं नाही तर तिथून निघावं.

त्यापेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तिने आत्तापासून मेल पाठवावेत. घराजवळ सयाजीराव विद्यापीठाचे मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री विभाग आहेत. शिवाय गांधीनगरचं गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटर, खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). मेल पाच-सहा ओळींचा पुरे. त्या शास्त्रज्ञाचा एक पेपर खरोखर वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचारावी, आणि निदान आठ आठवडे मागावेत. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर कुणी उत्तर देत नाही. दहांतल्या आठांकडून काहीच न येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि पुढच्याला लिहावं. मेल तिनेच लिहायचा आणि तिच्याच नावाने पाठवायचा. वडिलांचा फोन गेला की तिथे तिचं काम अवघड होतं.