गाडीच्या दाराची काच वर येत नसंल तर आधी हे पाय
घाबरू नको भाऊ. गाडी चालू करून बटन दाब अन् दाराले कान लाव. मोटर घुर्र करते पण काच हालत नाही, म्हणजे आतली केबल नाहीतर रेग्युलेटर (काच वर-खाली करणारा सांगाडा) गेला. आवाजच नाही तर पहिले फ्यूज पाय, मंग बटन.

नवीन माणूस इथं चुकते:
- बटन दाबूनच ठेवते, मोटर तापते
- रबरात ऑइल टाकते, मंग वावरातली सारी धूळ त्याले चिकटते अन् काच अजूनच जाम. सिलिकॉन स्प्रेच मार.

पाऊस आलाच तर एकानं बटन दाबाचं, दुसऱ्यानं काच दोन्ही तळव्यात धरून वर ओढाची, बोटं फ्रेमपासून दूर ठेवजो बरं. वर आली की टेप लाव. दाराचं आतलं कव्हर (पॅनल) सध्या खोलूच नको.